हाडांचा कळप

धुळाजीच्या तोंडून ‘ठाऊक न्हाई’ हे शब्द उभ्या जन्मात कुणी ऐकले नव्हते. कुणी काही विचारायची खोटी, उत्तर तयार. पाऊस कधी पडणार, म्हैस कधी विणार, तालुक्याच्या निवडणुकीत कोण आपटणार, सगळं त्याला ठाऊक. त्यातलं निम्मं खरं निघायचं. उरलेलं निम्मं खोटं ठरलं की म्हणायचा, "मी बोललो तवा तसंच व्हतं, मागून बदललं." एवढ्या भरवशानं बोलणाऱ्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? पाटोद्याच्या बाजारात लोक त्याचं ऐकून घ्यायचे, वर चहा पाजायचे.

एका बाबतीत मात्र त्याच्या बोलण्यात तसूभर खोट नव्हती, ती म्हणजे मेंढरं. मांजरा नदीच्या पाण्यावर दोन धनगरांचे कळप एकमेकांत मिसळले की बाकीचे कपाळाला हात लावून बसायचे. धुळाजी काठी काखेत धरून मध्ये शिरायचा आणि आपलं एकेक मेंढरू कान धरून बाहेर काढायचा. पाठीवर गेरूचा पट्टा ओढलेला असायचा, पण तो बघायची त्याला गरज नसे. तोंड बघून ओळखायचा. कळप मिसळू देणं धनगराला कमीपणाचं, आणि मिसळलेला कळप निवडता न येणं म्हणजे तर तोंड लपवायचीच गोष्ट. बापानं हे शिकवलं होतं आणि धुळाजीनं ते जन्मभर पाळलं. पुढं जे वाटोळं झालं ते याच शहाणपणातून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

त्याची नात ऋतुजा. लहानपणी आजोबाच्या घोंगडीत बसून तिनं लांडग्याच्या गोष्टी ऐकल्या. धुळाजी सांगायचा, लांडग्यानं धरलेलं मेंढरू सोडवायला धावायचं नाही, तो त्याचा वाटा. मग लांडगा खातो, त्याच्या मागं कोल्हा घिरट्या घालतो, सगळ्यांचं झाल्यावर तरस येतं आणि कुणाला न फुटणारी हाडं कडाकडा फोडतं. "कावून?" म्हणून पोर विचारायची. लांडगा आधी कावून, तरस मागून कावून? धुळाजी म्हणायचा, "ज्याची टोळी, त्याचा पह्यला मान." पोरीच्या डोक्यात ते ‘कावून’ असं रुतून बसलं की मोठी होऊन ती पुण्याला गेली आणि चक्क जुन्या हाडांचं शिक्षण घेऊ लागली. हजारो वर्षांमागं मेलेल्या जनावरांची हाडं. धुळाजीची बायको चतुराबाई म्हणायची, "आपल्या दारात जितीजागती जनावरं हायती, ती शिकाया कुनी येत न्हाई. अन् हिला मेलेली पायजेत."

यंदा परतीच्या पावसानं झोडपलं आणि गावाखालच्या ओढ्याचा उंच काठ ढासळला. मेंढरं घेऊन धुळाजी तिकडून चालला होता. कापल्या भाकरीसारखा काठ उभा कापला गेला होता आणि त्याच्या पोटात एक जुनं बीळ उघडं पडलं होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं, पण चिखलानं गच्च भरलेलं. चिखलातून हाडं डोकावत होती. धुळाजीनं एक हलवून पाहिलं. हाड कसलं, दगडच. ऋतुजानं सुट्टीत दाखवलेली हाडं अशीच जड होती.

त्यानं आपला बटणांचा फोन काढला. पलीकडं पोरगी आनंदानं ओरडलीच. "आबा, फोटो—" म्हणाली आणि मग तिलाच आठवलं की आबाच्या फोनला फोटो निघत नाही. "बरं ऱ्हाऊ द्या. मी मॅडमना घेऊन येते, परीक्षा आटपली की लगेच. तोवर तिथं कुणालाही हात लावू देऊ नका."

‘कुणालाही’ म्हणजे त्यात आपणही आलो, हे धुळाजीच्या ध्यानीमनी आलं नाही. घर राख म्हटल्यावर घरधनी काय उंबऱ्याबाहेर बसतो?

तो रोज मेंढरं तिकडंच चारू लागला. पोरं-टोरं आली की काठी उगारायची. आधी तो नुसता बघत बसला. मग हात शिवशिवायला लागले. चिखलातला एक जबडा त्यानं लांबूनच ओळखला, लांडग्याचा, फक्त आताच्या लांडग्याहून दांडगा. तरसाच्या दाढा होत्या, हाडं फोडून फोडून बोथट झालेल्या. हरणाच्या नळ्या होत्या. एक भलं मोठं डोकं होतं, त्याला बोटाएवढा सुळा, म्हणजे वाघाशिवाय दुसरं कुणी नव्हे. आणि हे सगळं एकमेकांत घुसलेलं, खाणारे आणि खाल्लेले एकाच ढिगात. पोरीला त्यानं फोनवर तसं सांगितलंही. धुळाजीला ते बघवेना. पुण्याहून शिकलेली बाई येणार आणि आपल्या शिवारात असला काला बघणार? शिवाय खरं सांगायचं तर त्याला तिच्यापुढं मिरवायचंही होतं. ऋतुजाची मॅडम म्हणेल, हे कुणाचं हाड? आणि आपण बघितल्याबरोबर सांगायचं.

मग त्यानं कळप निवडला. हाताला आली तेवढी सगळी हाडं बाहेर काढली, ओढ्याच्या पाण्यात बुचकळली, काथ्यानं खसाखसा घासली. एक नळी हातातच तडकली, ती त्यानं हळूच बाजूला सारली. खाणाऱ्यांचा एक ढीग, खाल्लेल्यांचा एक. पुन्हा मिसळू नयेत म्हणून मेंढरांचा गेरू आणला आणि खाणाऱ्यांच्या प्रत्येक हाडावर एकेक पट्टा ओढला. त्याचं त्यालाच इतकं गोड वाटलं की म्हातारा ओढ्याच्या काठी उभा राहून गालात हसला.

चतुराबाई भाकरी घेऊन आली आणि टोपलं डोक्यावर तसंच ठेवून बघत राहिली.

"अवो, पोरगी हात लावू नका म्हनली व्हती ना?"

"लोकाला लावू दिऊ नका म्हनली. मी काय लोक हाय?"

"तुमी तुमी हायसा, त्याचंच तर भ्या वाटतंय," चतुराबाई म्हणाली.

संध्याकाळी त्यानं मोठ्या हौसेनं पुण्याला फोन लावला. पण त्यानं ‘हाडं निवडून ठिवली’ म्हणायच्या आतच ऋतुजा बोलत सुटली. तिला झोप लागत नव्हती म्हणे. "आबा, तुम्ही म्हणलात ना की सगळी हाडं मिसळलेली हायत? सगळी मजा त्या मिसळण्यातच हाय बघा. वाघ, तरस, लांडगे, सगळ्यांचं भक्ष्य एकच आणि निवाऱ्याचं बीळ पण एकच. हजारो वरसं ती एकमेकांच्या तोंडचा घास ओढत व्हती. त्या चढाओढीपायी तर कुणी थोराड झालं, कुणी टोळी करायला शिकलं, कुणाचे दात हाडं फोडायला बनले, म्हणजे दुसऱ्यानं टाकलेलं तरी पोटात जावं. ज्याला मोठ्या शिकारीशिवाय चालत नव्हतं, ते मोठी शिकार संपल्यावर संपलं. आता कोण आधी व्हतं, कुणी कुणाला हुसकलं, हे कळायचं कसं? कुठलं हाड वर आणि कुठलं खाली, एवढ्यावरूनच. दुसरा साक्षीदार न्हाई, आबा."

धुळाजीनं फोन कानाला धरून "हां... हां" केलं. ‘पोरी, मी चूक केली’ एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा म्हटलं असतं तर चार आसवांवर भागलं असतं. पण तो म्हणाला, "ये बिगीबिगी. मी हाय हितं राखनीला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो हाडं परत बिळात भरायला लागला. मेंढराचं तोंड विसरत नाही, मग हाडांची जागा कशी विसरेन, असा त्याचा हिशोब. गेरू धुऊन टाकला. पण बिळापुढं बसून डोळे मिटले तर लांडग्याचा जबडा कधी वर दिसायचा, कधी वाघाच्या डोक्याखाली दबलेला. मेंढरू आपण होऊन आपल्या आईजवळ जाऊन उभं राहतं. हाड कुठंही ठेवा, तिथंच राहतं. शेवटी त्यानं बैलगाडी भरतात तशी भरली, जड ते तळाला आणि हलकं ते वर. वाघ खाली गेला, लांडगे वर आले. वरून चिखल थापला, पायानं चोपला.

"आता तरी पोरीला सांगा," चतुराबाई म्हणाली.

"सांगतो म्हनलं ना."

त्यानं सांगितलं नाही.

ऋतुजा आली, बरोबर तिच्या प्रियदर्शनी मॅडम. शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी बिळाभोवती दोऱ्या ताणल्या, ब्रश काढले आणि गुडघ्यावर बसून चिमूटचिमूट माती काढू लागल्या. थोड्या वेळानं मॅडम थांबल्या. माती बोटांत चुरून म्हणाल्या, "बाबा, ही फार भुसभुशीत लागते. इथं कुणी उकरलं होतं का?"

ऋतुजानं आजोबाकडं पाहिलं. चतुराबाईनंही पाहिलं.

"न्हाई," धुळाजी म्हणाला. "तरस येतंय कवा कवा पान्याला. त्यानं उकरलं आसंल."

बिचारं तरस! रात्रीचं येतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मेलेलं खाऊन शिवार साफ ठेवतं. त्याच्या डोक्यावर धुळाजीनं आपलं पाप ठेवलं आणि वर पागोट्याच्या शेवानं कपाळ पुसलं. मॅडमनी मान हलवली, पण त्यांच्या भुवया सरळ झाल्या नाहीत. तेव्हा ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आबा सांगतात म्हणजे तसंच असणार. इथल्या जनावरांबद्दल आबांचं कधी चुकत नाही."

धुळाजीला वाटलं, पायाखालचा काठ पुन्हा ढासळावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण काठ कशाला ढासळतो? ऊन मस्त पडलं होतं. तो मेंढरांकडं बघायचं निमित्त करून उठला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाच धावत आली आणि त्याचा हात धरून ओढत बिळाशी घेऊन गेली. "आबा, बघा! वाघ सगळ्यात खाली, तरस मधी, आणि लांडगे वर. टोळीनं येऊन लांडग्यांनी शेवटी बीळ घेतलं. मला हेच वाटत व्हतं. तुम्हीच म्हणायचात ना, ज्याची टोळी, त्याचा पहिला मान? माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं हाय, आबा."

तिच्या नाकाला माती लागली होती. लहानपणी असंच मातीत तोंड भरवून यायची. धुळाजीनं ती पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. या हाताला आता तो हक्क राहिला नाही असं त्याला वाटलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

पण खोट्याला पाय फुटले की ते घरी थोडंच बसतं? दुसऱ्या दिवशी मॅडम भिंगातून लांडग्याचा जबडा बघत होत्या. बघता बघता त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. दाताच्या मुळाशी खाचेत तांबडं काहीतरी होतं. त्यांनी दुसरं हाड घेतलं, तिसरं घेतलं. "ऋतुजा, हा गेरू दिसतो."

"गेरू? म्हणजे माणसानं लावलेला?"

"तपासल्याशिवाय काही बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्या शांत बाईचाही आवाज कापत होता. "माणसाचा असला, तर या भांडणात माणूसही होता. या बिळावर त्यानंही हक्क सांगितला होता."

हे ऐकायला नेमके मोहनराव तिथं उभे होते. मोहनराव म्हणजे गावचे पुढारी, त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट फ्लेक्सवर चढायला रात्रीचाही अवकाश लागत नाही. सकाळी ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर दोन बांबूंच्या मध्ये फ्लेक्स झळकत होता, ‘आदिमानवाच्या गावात आपले सहर्ष स्वागत’. मोहनराव हात जोडून पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात कुठल्याशा जुन्या फोटोतून कापलेलं धुळाजीचं मुंडकं, ‘शोधकर्ते’ म्हणून. फोटोतला धुळाजी घाबरलेला दिसत होता, तेवढं एक त्या फ्लेक्सवर खरं होतं.

चतुराबाई फ्लेक्सपुढं उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं. ती एवढंच म्हणाली, "पोरगी ह्ये आता पुन्यात जाऊन चारचौघात सांगनार. तिथं कुनी हिला खोटं पाडलं, तर तिच्या तोंडाकडं कोन बघंल?"

ओढ्यावर माणसं जमली. मोहनरावांनी धुळाजीच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, पोरांनी टाळ्या पिटल्या. "बोला आबा, चार शब्द." धुळाजीची मेंढरं पलीकडं चरत होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचा ताजा पट्टा उन्हात लखलखत होता. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. धुळाजीला मात्र वाटत होतं की सगळा गाव तेच बघतोय. चोराच्या मनात चांदणं, तसं.

ऋतुजा समोर उभी होती. तिच्या डोळ्यांत आजोबाचं कौतुक मावत नव्हतं. ते त्याच्यानं सोसवेना. त्यानं शाल काढली, नीट घडी केली आणि नारळासकट खाली ठेवली.

"त्यो गेरू माझा हाय," तो म्हणाला.

लोक हसले. मोहनराव म्हणाले, "आबा लई गमत्ये हायत."

"गंमत न्हाई. मेंढराचा गेरू हाय, माझ्या मेंढराचा. मी हाडं भाईर काढली, घासली, निवडली, पट्टे वडले. मग धुतली अन् परत भरली. तरसानं काय बी केलं न्हाई. मीच केलं." एवढं बोलून तो थांबला आणि मग नातीकडं न बघता म्हणाला, "अन् तुला खोटं बोललो, बाय. मॅडमला बी बोललो."

कुणी हसलं नाही. मागं एका पोरानं टाळी वाजवली, त्याच्या पाठीत कुणीतरी धपाटा घातला. मोहनराव फ्लेक्सच्या दिशेनं बघत खाकरले आणि जरा काम आहे म्हणून निघून गेले. ऋतुजाचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. मॅडम चिडतील, दोन शब्द बोलतील, तर बरं होईल असं धुळाजीला वाटत होतं. शिवी खाल्ली की माणूस मोकळा होतो. पण मॅडमनी भिंग खिशात ठेवलं आणि नेहमीच्याच हळू आवाजात विचारलं, "बाबा, मग खरं कसं होतं? सगळं नका सांगू. लांडग्याचा जबडा वाघाच्या डोक्याच्या वर होता की खाली? एवढं एक आठवलं तरी पुष्कळ वाचेल."

ऋतुजानं मान वर केली. अजूनही, एवढं सगळं ऐकूनही, तिच्या नजरेत आशा होती. आबांना मेंढराचं तोंड आठवतं, हेही आठवेल.

उत्तर धुळाजीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ‘वर व्हता.’ पटकन, ठाम, नेहमीसारखं. पोरीला हवं तेच. कोण पडताळणार होतं? त्यानं डोळे मिटले. जबडा वर दिसला. पुन्हा मिटले, तर खाली.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

तो उभाच राहिला. साठी ओलांडलेला माणूस, हात कुठं ठेवावेत तेही त्याला सुचेना. ऋतुजा वळली आणि एकेक दोरी सोडायला लागली. गाठी घट्ट होत्या, तिनं दातांनी सोडवल्या.

बीळ काठाच्या पोटात आणखी आत गेलं होतं. तिथल्या घट्ट मातीला कुणाचा हात पोचला नव्हता. मॅडम म्हणाल्या, दिवाळीनंतर परवानगी काढून ते नीट खणू, घासलेल्या हाडांवरही काही दातांच्या खुणा उरल्यात, अगदीच सगळं गेलं नाही. त्या धुळाजीशीही नीट बोलल्या, चहा प्यायल्या. ऋतुजानं आतल्या भागाच्या तोंडावर दगड रचले, बाभळीची काटेरी फांदी ओढून लावली.

निघताना ती रीतीप्रमाणं आजोबाच्या पाया पडली. धुळाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादाचे शब्द काही आले नाहीत. ती उठली आणि आजीजवळ गेली.

"आजी, तू लक्ष ठेव," ती म्हणाली. "कुणालाही हात लावू देऊ नको."

म्हणताना तिनं आबाकडं पाहिलं नाही. या खेपेला कुणी सांगायला लागलं नाही, ‘कुणालाही’मध्ये कोण येतं ते त्याला समजलं. चतुराबाईनं त्याच्या काखेतली काठी काढून घेतली आणि बिळापुढच्या दगडावर जाऊन बसली. धुळाजीनं नुसत्या हातानं मेंढरं वळवली आणि ओढा टाळून वरच्या अंगाच्या लांब वाटेनं पाण्यावर नेली.